काकांची फूटपट्टी आणि दुसरा स्क्रीन

आल्ट-टॅब दाबायची स्पर्धा ठेवली, तर आमच्या ऑफिसात पहिला नंबर माझाच. दिवसभर तेच. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट, टकटक, टकटक. एका खिडकीत क्लायंटचं पर्चेस रजिस्टर, दुसरीत जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं टू-बी. इकडचा आकडा डोक्यात धरायचा, तिकडे उडी मारायची आणि वाटेत विसरायचा नाही. दादरच्या एका छोट्या सीए फर्ममध्ये काम करणाऱ्या माझ्यासारखीचं आयुष्य म्हणजे साधारण हेच.

२०२३च्या मार्चमध्ये मी वाटेत विसरले. म्हणजे आकडा नाही, शीट विसरले. एका हार्डवेअरवाल्याची अठरा बिलं दुसऱ्या हार्डवेअरवाल्याच्या शीटमध्ये चिकटवली आणि खुशाल डबा खायला गेले. रिटर्न भरायची शेवटची तारीख वीस. एकोणीसच्या संध्याकाळी काकांनी हाक मारली, "अगं, इकडे ये जरा."

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने अकाउंटंट. ते टू-बीचं प्रिंटआउट काढतात, त्यावर स्टीलची फूटपट्टी ठेवतात आणि एकेक ओळ खाली सरकवत स्क्रीनशी ताडून बघतात. आम्ही सगळे त्या पट्टीवर हसायचो. त्या पट्टीखालीच माझी अठरा बिलं सापडली. रिटर्न तसंच गेलं असतं, तर एका क्लायंटने दुसऱ्याचं क्रेडिट घेतलं असतं. पुढची नोटीस, व्याज आणि सरांचा चेहरा मला अजूनही कल्पनेत दिसतो. काकांनी सरांना काही सांगितलं नाही. मीच सांगितलं. आणि त्याच दमात दुसरा मॉनिटर मागितला!

एक मॉनिटर कोपऱ्यात पडूनच होता, नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा. सर म्हणाले, "मग अडलंय कुठे?" मी छातीठोकपणे म्हटलं, "ग्राफिक्स कार्ड लागेल." दोन स्क्रीन म्हणजे कार्ड, एवढं मला 'माहीत' होतं. सरांनी पाच हजार मंजूर केले.

आता पाच हजारात काय येतं? आमच्या कॉलेज ग्रुपमधल्या गेमरला विचारलं. त्याने जवळजवळ कीवच केली. "घ्यायचंच तर जीटीएक्स १६५० घे, त्याखाली सगळा कचरा." ते बजेटच्या दुप्पट-तिप्पट. दुसरा म्हणाला, चार जीबीवालं घे, दोन जीबी पुरायचं नाही. म्हणून मी चक्क कॅल्क्युलेटर घेऊन बसले (पेशाच तसा). फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, एका ठिपक्याला चार बाइट. झाले साधारण आठ एमबी. दोन स्क्रीनचे सोळा. विंडोज त्याच्या दुप्पट-चौपट खात असेल, तरी एक्सेल आणि टॅलीसाठी दोन जीबी म्हणजे दोन माणसांच्या घराला मंगल कार्यालय. मेमरी आणि ताकद लागते ती गेमला, थ्रीडीला, व्हिडिओ एडिटिंगला. माझ्या एक्सेलमध्ये कोणी बंदूक घेऊन धावत नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. ग्रँट रोड स्टेशनहून चालत पाच-दहा मिनिटं. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवरच. पहिल्या दुकानात लाल-निळे दिवे लागणारी कार्डं समोर मांडली गेली. दुसऱ्यातही तेच. तिसरं दुकान जिन्याखालचं, दोन माणसं उभी राहतील एवढं. तिथल्या म्हाताऱ्या शेठनी कार्ड दाखवायच्या आधीच विचारलं, "पीछे का फोटो है क्या?"

होता. केबल कुठली आणायची ते विसरू नये म्हणून मी कॉम्प्युटरच्या पाठीचा फोटो काढला होता. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि प्रोसेसर विचारला. दहाव्या पिढीचा आयथ्री, नावापुढे एफ नाही. (एफ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, मग कार्ड घ्यावंच लागतं. हे मला तिथेच कळलं.) फोटोत निळ्या व्हीजीएच्या शेजारी धुळीने भरलेलं एक चपटं भोक होतं. "ये एचडीएमआय है. दोनों साथ में चलता है. कार्ड क्या करोगी?"

अडीचशे रुपयांची केबल! तीन आठवडे मी ज्याच्यासाठी भांडले, ते माझ्याच टेबलाखाली होतं.

निघणार होते, तेवढ्यात मोबाइलमधला पुढचा फोटो दिसला. चुकून काढलेला, काकांच्या मशीनचा. २०११च्या सुमाराचा दुसऱ्या पिढीचा आयथ्री, अंगाने सडपातळ कॅबिनेट आणि पाठीवर फक्त एक व्हीजीए. काका इतकी प्रिंटआउट्स का काढतात, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. आल्ट-टॅब करून आकडा डोक्यात धरायचा त्यांना भरवसा वाटत नाही, म्हणून ते कागदालाच दुसरा स्क्रीन करतात. त्यांनी मात्र कधी काही मागितलं नाही.

मग खरी खरेदी सुरू झाली. जीटी १०३० नवं आणि तगडं, पण बजेटबाहेर. शिवाय शेठनी दाखवलेल्यात एचडीएमआय आणि डीव्हीआय एवढंच होतं. काकांच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए. त्या डीव्हीआयमधून डिजिटल सिग्नलच निघतो, साधा वीस रुपयांचा जोड लावून व्हीजीए मिळत नाही. चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. उलट २०१६चं जीटी ७१० दमाने बेताचं, पण त्यावर व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय तिन्ही. वीज १९ वॅट, वेगळी वायर जोडायची गरज नाही, त्यामुळे जुन्या एसएमपीएसला घाम फुटणार नाही. पंखाही नाही, नुसतं हीटसिंक, म्हणजे आवाज नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या, तर कंपनीने त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणं २०२१मध्येच थांबवलं होतं. नव्या मशीनसाठी मी ते घेतलं नसतं. या मशीनसाठी घेतलं. सोबत अर्ध्या उंचीची पट्टी आहे ना, हे खोका उघडून बघितलं. नाहीतर सडपातळ कॅबिनेटमध्ये कार्ड बसतच नाही.

कार्ड तीन हजार आठशे, दोन केबल पाचशे. सातशे रुपये आणि बिल सरांच्या टेबलावर ठेवलं. दुसरा मॉनिटर माझ्या घरच्या माळ्यावरून आणला, भाऊ बंगळूरला जाताना ठेवून गेलेला.

सोमवारी बसवलं. व्हीजीएचा तुकडा छोट्या रिबन केबलने शेजारच्या खाचेत लावायचा असतो, त्यात अर्धा तास गेला. दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडले, कारण कार्ड घातल्यावर मदरबोर्डचं व्हीजीए झोपी गेलं. मग विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड'. काकांनी माउस उजवीकडे सरकवला तर बाण भिंतीला धडकला. उजवा स्क्रीन विंडोजला डावा वाटत होता. सेटिंगमध्ये चौकोन ओढून जागेवर ठेवले.

डावीकडे टॅली, उजवीकडे टू-बी. काका बराच वेळ नुसते बघत राहिले. मग खण उघडून फूटपट्टी काढली आणि उजव्या स्क्रीनवर आडवी धरली.

"काका, ओरखडे पडतील."

"होय गं," म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून पट्टीला गुंडाळायला लागले.