उत्तरेकडील उचल

दसरा सरला कीं पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोडणाऱ्यांचीं बिऱ्हाडें आमच्या केडगांवावरून पुण्याच्या रस्त्यानें जाऊं लागतात. गाडींत भांडीं, सरपण, गोधड्या आणि त्यांवर बसलेलीं लहान मुलें. हें दृश्य आम्हां नगरकरांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, यास देशांतर म्हणावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु त्याच कुटुंबांतील एखादा मुलगा विमानानें परदेशीं निघणार म्हटलें कीं सारें गांव त्याच्याभोंवतीं गोळा होतें!

असा एक मुलगा, आमचाच विद्यार्थी, आमच्याकडे सल्ला विचारण्यास आला होता. उत्तर फिनलंडांतील अरण्यांत जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रानफळें वेंचण्याचें काम कोणी एक दलाल मिळवून देणार होता. त्याची आगाऊ रक्कम मात्र शेत गहाण ठेवल्यावांचून उभी राहण्यासारखी नव्हती. “सर, तिकडची थंडी सोसेल का?” एवढाच त्याचा प्रश्न. सोबत आलेले वडील पंधरा वर्षें उसाचे फड तुडवीत आलेले. ते म्हणाले, “थंडीचं राहू द्या, सर. उचल कुनाची हाय, अन् ती फिटायची कशी, ते इचारा.”

थंडीविषयीं म्हणाल तर त्या ऋतूंत तेथें बर्फ नसतेंच. जुलैंत सूर्य मावळतो न मावळतो, आणि खरा त्रास डांसांचा. वडिलांचा प्रश्न मात्र मुळावरच घाव घालणारा होता. ऊसतोडींत पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादम हंगामापूर्वीं उचल देतो, ती टनाच्या दरानें फेडावयाची. आजारपण किंवा बाळंतपण आड आलें तर बाकी पुढील सालच्या डोक्यावर. २०२४ च्या जानेवारींत दर ३४ टक्क्यांनीं वाढला, ही समाधानाची गोष्ट खरीच; उचलीचा फांस मात्र तसाच राहिला.

फिनलंडांत रानफळें कोणीही वेंचावीं, जमीन कोणाचीही असो, असा जुना उदार रिवाज आहे. या औदार्याच्या छायेंत २००५ पासून थायलंडांतील शेतकरी दरवर्षीं तेथें जाऊं लागले. कायद्याच्या दृष्टीनें ते मजूर नव्हतेच. फळें गोळा करून विकणारे ‘स्वतंत्र’ व्यावसायिक! विमानभाडें, निवास, जेवण, मोटारीचें तेल, सारें त्यांच्या खात्यावर. मिळकत किलोच्या हिशेबानें. रान फळलें नाहीं तर कर्ज घेऊन घरीं. पाथर्डीच्या माणसास यांत समजावून सांगण्यासारखें काय आहे? २०२१ च्या कायद्यानें वेंचणाऱ्यांकडून काम मिळवून देण्याचें शुल्क घेण्यास मनाई केली, मानवी व्यापाराचे खटलेही झाले, आणि २०२५ पासून त्यांस रीतसर नोकर म्हणूनच नेण्याचें ठरलें.

तेव्हां आम्ही जाऊं नको असें म्हटलें नाहीं. येथील मुकादमाचा करार बहुधा तोंडीच असतो, पण त्याच्या दारांत जाऊन भांडतां येतें, प्रसंगीं केडगांवच्या देवीची शपथ घालतां येते. हजारों कोसांवर अशी सोय नाहीं. तेथें कागद हाच काय तो आधार. म्हणून मालकाचें नांव, वेतन आणि लेखी करार हातीं आल्यावांचून एक रुपया देऊं नये, एवढें आम्हीं त्यास बजावलें.

दलालाचें उत्तर आलें: आधीं पैसे, मग कागद. वडील यंदाही कोल्हापुराकडे गेले. मुलगा तूर्त त्यांच्या मागील तीन हंगामांच्या उचलीचा हिशेब एका वहींत लिहून काढीत आहे.