माझा डग्गा कुठं गेला?

नऊ वर्षं माझ्या टेबलावर यामाहाच्या एचएस-५ ची जोडी होती. पाच इंची वूफर, पांढरा कोन. ५४ हर्ट्झच्या खाली त्यांची बोलती बंद होते, हे मला पाठ होतं. त्यामुळे बेस गिटार मी अर्धी कानानं आणि अर्धी अंदाजानं लावायची, आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. गेल्या पावसाळ्यात एका मालिकेच्या पार्श्वसंगीताचे अडकलेले पैसे हातात आले आणि मी त्याच घराण्यातले थोरले, एचएस-८, घरी आणले. आठ इंची वूफर, ३८ हर्ट्झपर्यंत उतरणारे.

पहिल्या संध्याकाळी काम केलंच नाही. नुसती ओळखीची गाणी लावत बसले. तानपुऱ्याच्या खर्जाची तार इतकी भरलेली असते, हे मी रेकॉर्डिंगला समोर बसून ऐकलं होतं. स्पीकरमधून पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भावगीतांच्या एका अल्बमचं मिक्सिंग सुरू केलं. चार दिवसांत तीन गाणी झाली. भराभर झाली, तिथंच शंका यायला हवी होती. गाणी सगळ्यांना पाठवली आणि रात्री तबल्याची साथ करणाऱ्या काकांचा फोन.

“अगं, मी त्या दिवशी डग्गा घरी विसरलो होतो का?”

मी हसले. मग खाली जाऊन गाडीत ऐकलं आणि हसू गेलं. बेस गिटारनं गाडीचे दरवाजे थरथरत होते, आणि काकांचा डग्गा? घुमारा नाही, मनगट सरकवून काढलेली मींड नाही. नुसती चामड्यावरची थाप उरली होती. नवे स्पीकर बेस जास्त दाखवत असतील, म्हणून मी तो कमी केला असेल, असं म्हणावं, तर बेस गिटार उलट वाढलेली. एकाच जोडीनं मला एका वेळी दोन उलट्या दिशांना कसं नेलं, ते कळेना.

दोष स्पीकरचा नव्हता, टेबलाचा होता. एचएस-८ ची पेटी खोल, पोर्ट मागच्या बाजूला. भिंतीला चिकटायला नको म्हणून मी टेबल सव्वा फूट पुढं ओढलं होतं. खोलीची लांबी ११ फूट, आणि आता माझं डोकं आलं होतं बरोबर साडेपाच फुटांवर.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. एवढ्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये ५१ हर्ट्झचा सूर अडकून उभा राहतो: भिंतींपाशी जोरात, मधोमध जवळजवळ गायब. त्याच्या दुपटीचा, १०२ चा, मात्र मधोमध फुगतो. म्हणजे बेस गिटारचा तळ मला ऐकूच येत नव्हता, म्हणून मी तो चढवत होते. डग्गा त्या दिवशी शंभराच्या आसपास लागला होता. तो अंगावर येत होता, म्हणून कापत होते.

कागदावर हे पटलं, तरी खात्री हवी होती. ५१ हर्ट्झचा नुसता सूर लावून खोलीत चालले. खुर्चीपाशी काहीच नाही. दोन पावलं मागं गेले तर आवाज वाढायला लागला, मागच्या भिंतीला पाठ टेकली तर छातीत घुमायला लागला. मुलगा दारात येऊन म्हणाला, “आई, फ्रीज बिघडलाय का?”

टेबल परत मागं सरकवलं. खुर्ची समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आणली. भिंत जवळ आल्यानं खालचा आवाज वाढतो, त्यासाठी स्पीकरच्या पाठीवर एक बटण असतं, ते उणे दोनवर टाकलं. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनेल सुताराकडून बसवून घेतले. आठवड्याभरात खोली बरीच ताळ्यावर आली.

हात मात्र ताळ्यावर यायला महिना लागला. किक ड्रम आला की बोटं आपोआप ६० हर्ट्झ चढवायची, कारण नऊ वर्षं तेच केलेलं. मी शिकाऊ असताना स्टुडिओत यामाहाचेच एनएस-१० होते, ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवलेले. १९७८ साली घरगुती ऐकण्यासाठी काढलेला तो स्पीकर घरांत फारसा रुजला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. आमचे सर त्याला शिव्या घालत आणि सगळी कामं त्याच्यावरच करत. त्यांना तो कुठं चुकतो हे माहीत होतं, एवढंच. मला एचएस-८ अजून माहीत नव्हते.

मग रोज सकाळी तासभर फक्त ऐकायचं ठरवलं. तीच दहा गाणी, आणि आवाजाच्या नॉबवर मारलेल्या पांढऱ्या टेपच्या खुणेशीच. आवाज कमी असला की कानाला बेस कमी ऐकू येतो. नॉब रोज इकडं-तिकडं फिरला तर शिकायचं काय? जुनी जोडी बाजूच्या कपाटावर ठेवली होती. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी तिच्याकडं वळायची. पुढं दिवसातून एकदा.

तिन्ही गाणी नव्यानं मिक्स करून काकांना पाठवली. या वेळी फोन सकाळीच आला.

“डग्गा सापडला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण आता दुसऱ्या गाण्यात अंतऱ्यानंतर माझी सम किंचित आधी पडलेली ऐकू येतेय. ती मागं सरकवता येईल का?”