चिनी मातीचा दात

मुलांनो, तुमच्या घरात चिनी मातीच्या वस्तू किती आहेत, जरा मोजा बरं! लोणच्याची बरणी, कपबशा, फारतर आजीच्या काळातली एखादी बशी. माझ्याकडे मात्र चिनी मातीची एक वस्तू अशी आहे, की ती मी चोवीस तास बरोबर घेऊन हिंडते. ती म्हणजे माझा वरचा, अगदी पुढचा दात!

मी नागपूरची. आठवीत असताना कबड्डीच्या सामन्यात एका मुलीचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि दाताचा अर्धा तुकडा गळाला. दातांच्या डॉक्टरांनी दाताच्या रंगाचा मसाला भरून तुकडा जोडल्यासारखा केला. मला वाटलं, आता लगेच कॅप बसेल. पण डॉक्टर म्हणाले, "अजून नाही. तुझ्या वयात दाताच्या आतली नस मोठी असते आणि हिरड्याही अजून जागेवर बसायच्या असतात. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. थोडी मोठी हो."

ती 'थोडी' म्हणजे पाच-सहा वर्षं! तो मसाला पिवळट पडायचा, कधी उडून जायचा. वर्गाच्या फोटोत मी तोंड मिटून उभी. बोलताना हात तोंडाशी. एकदा आत्या म्हणाली, "काहून गं पोरी, हसाले पैसे पडतात का तुले?" सगळे हसले, मी नाही हसले. दात छोटासाच, पण तो तुटला की माणूस कसं गप्प होतं, हे तेव्हा कळलं. तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर त्याला चिडवू नका, एवढं मात्र आवर्जून सांगते.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बाबा मला मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेले. हे महाविद्यालय १९६८ सालचं. तिथे शिकणारे डॉक्टर गुरुजनांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त घालाव्या लागतात, पण खर्च बेताचा. बाबांच्या पगारात तेच जमणारं होतं.

आता प्रश्न आला, कॅप कशाची? नुसत्या धातूची कॅप दणकट आणि स्वस्त, मागच्या दाढेला उत्तम. पण पुढे चकाकणारा दात कुणाला हवा? दुसरी, आत धातूची वाटी आणि वरून पोर्सिलेन, म्हणजे चिनी मातीच्याच जातीचा मुलामा. आम्ही ती निवडली. आज आणखी प्रकार मिळतात. पूर्ण सिरॅमिकची कॅप पुढच्या दाताला फार शोभते, कारण तिच्यातून उजेड खऱ्या दातासारखा थोडा आरपार जातो. झिर्कोनियाची कॅप फार मजबूत, दाढेसाठी चांगली. पालकांनो, 'सगळ्यात महाग तीच चांगली' असं समजू नका. दात पुढचा की मागचा, चावण्याचा जोर किती, रात्री दात खाण्याची सवय आहे का, हे डॉक्टरांशी बोलून मग ठरवा.

रंग निवडायची गंमत तर ऐका! दातांच्या रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा घेऊन डॉक्टरांनी मला खिडकीशी नेलं. रंग दिवसाउजेडीच पाहायचा आणि दात घासण्याआधी पाहायचा, कारण कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. मी म्हटलं, "सगळ्यात पांढरा द्या ना!" डॉक्टर हसले. "मग हा एकटाच दात ट्यूबलाइटसारखा चमकेल. शेजारच्या दातांशी जुळला पाहिजे." शेजारचे दात थोडे पिवळसर होते, म्हणून कॅपही तशीच ठरली.

मग माप घेऊन ते लॅबमध्ये गेलं. तिथला कारागीर पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवून, बारीक कुंचल्याने थरावर थर देत दात घडवतो आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतो. भाजताना माती आकसते, म्हणून दात आधी मुद्दाम मोठा घडवायचा. कुंभाराचंच काम की हे!

ही कल्पना सुचली कुणाला? १७७४ च्या सुमारास फ्रान्समधल्या दुशातो नावाच्या औषधविक्याची हस्तिदंती कवळी औषधांच्या वासाने घाण होई. दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र स्वच्छ राहत. मग त्याने कवळीच चिनी मातीची करवून घेतली! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चार्ल्स लँड यांनी एकेका दातावर घालायची पोर्सिलेनची टोपी तयार केली. १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांचाच नातू.

माझी पहिली कॅप चौदा वर्षं टिकली. मग हिरडी थोडी मागे सरली, आतल्या धातूची काळपट रेघ दिसू लागली, तेव्हा बिनधातूची बसवली. चकाकी असलेल्या पोर्सिलेनवर तर्रीपोह्यांचा डाग सहज बसत नाही. कॅपला कीडही लागत नाही. पण सावधान! कॅपच्या कडेशी, हिरडीजवळ, जो खरा दात असतो त्याला लागते. म्हणून रोज दोनदा मऊ ब्रशने आणि एकदा दोऱ्याने ती कड साफ करायची. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, बर्फ चावणं, दाताने बाटली उघडणं बंद! पोर्सिलेन कडक असतं, पण कपाच्या कानासारखंच टवका उडणारं. संत्री मात्र खुशाल खा, आपण नागपूरचे आहोत! फक्त लगेच ब्रश करू नका. आंबटाने दाताचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

आणि खर्रा? त्याच्या वाटेला जाऊच नका. सुपारी-तंबाखूने तोंडाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं. मग डॉक्टरांनी माप तरी कसं घ्यायचं? त्याहून वाईट म्हणजे कर्करोगाचं भय.

खेळताना पक्का दात मुळासकट पडला, तर घाबरू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, दुधात ठेवा आणि तडक डॉक्टरांकडे पळा. अर्ध्या तासात पोचलात तर तो पुन्हा रुजण्याची आशा असते. पालकांनो, सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ दुधाची नव्हे, पक्की असते. 'पडेल आपोआप' म्हणून तिची कीड सोडून देऊ नका.

दाताचं पांढरं कवच शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, पण एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही. डॉक्टर कितीही सुंदर कॅप करोत, ती बसायला खाली खरा दात लागतोच. तो ज्याचा त्यानेच सांभाळायचा!