आठ मिनिटांचं अंतर

फजरनंतर सांगलीहून भावाचा फोन आला, "आपा, अम्मी गेली." दफन जोहरनंतर ठरलं. मी साताऱ्यात. मुलाने घाईघाईने मोबाईलवर पाहिलं : सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर, विमानाने ८ मिनिटं! कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी आहे. पण या दोन शहरांमध्ये तिकीट काढून बसावं असं विमान नाही. रेल्वेची वेळ जुळेना. शेवटी एसटीच.

रस्त्याने अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कराड, पेठनाका, मग महामार्ग सोडून इस्लामपूर, आष्टा. प्रत्येक थांब्यावर भावाचा फोन, "कुठवर आलीस?" एकदाही "लवकर ये" म्हणाला नाही. जोहरची नमाज होऊन गेली, तरी लोक अंगणात थांबले होते. मी अम्मीचं तोंड पाहिलं, मगच जनाजा उचलला.

पुढे कागदपत्रं काढताना अम्मीचा शाळेचा दाखला सापडला. जन्म १९५४, जिल्हा दक्षिण सातारा. १९४९ मध्ये सातारा जिल्हा तोडून तो केला होता; १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

लग्न होऊन साताऱ्याला निघाले, तेव्हा मी फार रडले होते. अम्मी म्हणाली होती, "रडतेस काय? जिल्हा तर एकच आहे." मी नुकतीच बीएड झालेली. डोळे पुसत तिलाच भूगोल शिकवला होता, "अम्मी, सातारा वेगळा, सांगली वेगळी."

दाखला हातात घेऊन बराच वेळ बसले. तिचा भूगोल चुकला नव्हता.