३९५ नंबरचा रस्ता

लॉस एंजेलिसला राहायला आलेला देसी माणूस पहिल्या दोन-तीन वर्षांत डिस्नेलँड, युनिव्हर्सल, सॅन डिएगो आणि वेगास उरकून घेतो. (वेगास दोनदा. एकदा मित्रांबरोबर, एकदा आई-वडिलांबरोबर. दोन्ही वेळा वेगळं वेगास.) मग वीकांताला करायचं काय असा प्रश्न पडला की कुणीतरी वाळवंटाचं नाव काढतं, आणि ठरलेला संवाद होतो. "काय आहे तिथे?" "काही नाही." "मग कशाला जायचं?"

मी जाणाऱ्यांतला. आठवडाभर स्क्रीनवर तीन-तीन खिडक्या उघडून बसणाऱ्या माणसाला शनिवारी नजर अडेल असं काहीही समोर नसणं म्हणजे काय सुख असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. नशिबाने आमच्या शहराला दोन वाळवंटी नॅशनल पार्क जवळ आहेत. जोशुआ ट्री अडीच-तीन तासांवर, डेथ व्हॅली साडेचार-पाच. दोघांनाही नॅशनल पार्कचा दर्जा १९९४ साली एकाच कायद्याने मिळाला.

नवख्यांसाठी थोडं कामाचं. ऑक्टोबर ते मार्च जा. जुलै-ऑगस्टमध्ये डेथ व्हॅलीत शिरायचा शहाणपणा करू नका. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो आजही अधिकृत जागतिक उच्चांक आहे. २०२० आणि २०२१ मध्ये ५४.४ झालं होतं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवंच, गाडी बंद पडली तर तेच कामाला येतं. टाकी पार्कबाहेर फुल्ल करा. फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. जोशुआ ट्रीला गेलात तर चोया नावाच्या निवडुंगापासून चार हात लांब राहा, दिसतो अगदी टेडी बेअरसारखा, पण चिकटला की पक्कड लागते. बाकी माहिती पार्कच्या साइटवर आहे, मी टायपायची गरज नाही.

आज लिहायचंय ते २०२४ च्या डिसेंबरमधल्या डेथ व्हॅलीच्या ट्रिपबद्दल, कारण तेव्हा आई-बाबा बरोबर होते.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय अजून ब्रेक दाबतो. आईने नेहमीप्रमाणे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक डबा 'असू दे वाटेत' म्हणून. नॉर्थरिजहून पहाटे पाचला निघालो. सिल्मारपाशी डोंगरावरून पाणी एका उतरत्या चरातून खाली येतं, हायवेवरूनच दिसतं. आम्ही परतलो तेव्हा रात्र झाली होती, म्हणून ते जातानाच दाखवलं. "बाबा, हे आपल्याकडे येणारं पाणी. पावणेचारशे किलोमीटरवरून येतं. १९१३ मध्ये केलेला कालवा आहे, कुठेही पंप नाही, नुसत्या उतारावर."

"पंप नाही?" बाबा मागे वळून बघत राहिले. उतार हा त्यांचा विषय.

पुढे १४ नंबरचा रस्ता घेतला. मोहावे गाव गेलं, जॉबोन कॅन्यनपाशी डोंगरावरून उतरून पुन्हा चढणारी जाडजूड पाइपलाइन दिसली, तीही तीच. मग ३९५ लागला. हा माझा सगळ्यात आवडता रस्ता. डावीकडे सिएरा नेवाडाची बर्फाची भिंत, उजवीकडे उघडेबोडके डोंगर, मधे सरळ डांबर. ओलांचाला उजवीकडे १९० वर वळलो, आणि बाबांनी गाडी थांबवायला सांगितली.

समोर ओवेन्स तलाव होता. म्हणजे तलावाची जागा. मैलोन् मैल पांढुरकी सपाटी, मधे मधे पाण्याचे आखलेले चौकोन आणि खडीचे पट्टे. इथे एकोणिसाव्या शतकात वाफेची बोट चालायची, समोरच्या डोंगरातल्या खाणींची चांदी पलीकडच्या काठाला न्यायला. १९१३ मध्ये वर नदीच कालव्यात वळवली. १९२६ च्या सुमारास तळं आटलं. मग तळाची खारट धूळ उडायला लागली, इतकी की अमेरिकेतली धुळीची सगळ्यात मोठी एकच जागा म्हणून याचं नाव झालं. शेवटी ज्या शहराने पाणी नेलं त्याच शहराला २००१ पासून धूळ दाबायला इथे पाणी सोडावं लागतंय. आत्तापर्यंत दोन अब्ज डॉलरच्या वर गेलेत. ते चौकोन त्याचे.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो, अगदी डेमो देतात तसं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आणि हितल्या लोकांना काय दिलं?"

"म्हणजे?"

"जमिनीला जमीन दिली, का पैसे?"

मला जे माहीत होतं ते सांगितलं. शहराच्या माणसांनी १९०५ पासून शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याच्या हक्कासकट विकत घेतल्या, आणि सुरुवातीला बऱ्याच जणांना खरा हेतू कळलाच नव्हता. १९२४ मध्ये लोकांनी चिडून कालवा सुरुंगाने उडवला होता. त्यांच्याही आधीचे म्हणजे पायूट लोक. ते पूर्वापार इथे पाट काढून जमीन भिजवत होते. १९३७ च्या कायद्याने त्यांच्या जमिनींची शहराबरोबर अदलाबदल झाली, पाण्याच्या हक्काचा निकाल मात्र लागला नाही.

"हां," बाबा म्हणाले. "पाण्याचं कुणी लिहून देत नाही."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणजे कागदावरचं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात पत्र्याच्या पेटीत असायचा, त्यावर चुलतभावाला नोकरी लागली. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुण्यात वाढलेल्या मुलांना ते विचारावंसं वाटत नाही.

त्या दिवशी ओलांचापासून टाउन पासच्या चढापर्यंत ते बोलत होते. ट्रक आला तेव्हा आजीनं दाराची चौकट काढून आधी ती चढवली, मग भांडी, मग पोरं. सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली, पण भात लावणाऱ्या माणसांना तिथे ज्वारी. "कोयनेत पावसाला कंटाळायचो. हितं आभाळाकडं बघत बसायचो." चौकट दोन वर्षं नुसती भिंतीला टेकून होती, कारण बसवायला घरच नव्हतं. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला गेलं, वीज करून पुढे वाशिष्ठीत आणि समुद्रात. दिवे मुंबई-पुण्यात लागले. आमच्या वस्तीत वीज यायला आणखी बारा वर्षं गेली.

आई मागे गप्प होती. तिला चौकटीचं माहीत होतं, असं नंतर म्हणाली. मला वाटतं बायकांना अशा गोष्टी कळतात आणि त्या घरातच राहतात.

टाउन पासच्या उतारावर बाबा पुन्हा ड्रायव्हर झाले. "खालचा गिअर टाक. ब्रेकवर उतरू नको." ऑटोमॅटिकमध्येही तो टाकता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डेथ व्हॅलीचं वर्णन करत बसत नाही. झॅब्रिस्की पॉइंटचे पिवळे डोंगर कॅमेऱ्यात येत नाहीत, वाळूच्या टेकड्या येतात. बॅडवॉटर मात्र चुकवू नका. उत्तर अमेरिकेतली ती सगळ्यात खोल जागा आहे, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. वर्षाला जेमतेम ५५ मिलिमीटर पाऊस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने वर्षभराचा पाऊस एका दिवसात पाडला, तेव्हा या मिठागरात तळं साचलं होतं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लोक त्यात होड्या चालवत होते. आईने बोट टेकवून चव घेतली. "आहे की खारट," म्हणाली, जणू मीच खोटं सांगितलं होतं.

पार्किंगच्या मागे उभा कडा आहे आणि त्यावर खूप उंचावर एक पांढरी पाटी. समुद्रसपाटी तिथे आहे, एवढंच त्यावर लिहिलंय. सगळे लोक मिठाकडे तोंड करून फोटो काढत होते. बाबा उलटे फिरून त्या पाटीकडे बघत उभे. दहा मिनिटं झाली तरी हलेनात, म्हणून मी जवळ गेलो.

"देवळावर किती पाणी असेल, ते कधी डोळ्यासमोर येत नव्हतं," म्हणाले. "एवढं नसेल. पण असं वर बघावं लागत असेल."

मला काही बोलता आलं नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी दोन घोट घेतले आणि झाकण घट्ट लावून परत दिली.

मुक्काम स्टोव्हपाइप वेल्सला होता. रात्री आकाशगंगा अगदी हाताला लागेल अशी दिसते, चंद्र नसेल तेव्हाच जा. आई थंडीने लवकर आत गेली.

मार्चमध्ये दोघं परत गेले. परवा फोनवर बाबा विचारत होते, नदी कालव्यात वळवली आहे ती जागा गाडीरस्त्याला आहे का. आहे. ३९५ वरूनच, इंडिपेन्डन्स गावाच्या थोडं वर. पुढच्या हिवाळ्यात येतायत. ओलांचाला उजवीकडे न वळता सरळच जायचं, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.