रंगीत दारांची भिंत

पी. डिमेलो रस्त्यानं माझगावकडे निघालं की उजव्या हाताला गोदीची भिंत सुरू होते आणि बराच वेळ सोबत करते. पलीकडे समुद्र आहे. तो दिसत नाही. खारट, डिझेल मिसळलेला वारा तेवढा त्याची वर्दी देतो. भिंतीवरून क्रेनची डोकी डोकावतात. मधे मधे दारं, आणि त्यांना नावं रंगांची: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. नावं अशी लोभस, आणि प्रत्येक दारात पास विचारणारा पहारेकरी. रस्त्याला मात्र नाव गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं आहे. पूर्वी तो गव्हर्नर फ्रिअर साहेबाचा होता. शहरानं बंदराशी नातं जोडल्याच्या ज्या मोजक्या खुणा या भागात आहेत, त्यांतली ही मला सर्वांत आवडते.

मुंबईचा पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचा. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरची सुमारे १,८०० एकर जमीन बंदराच्या हाती आहे. त्यामुळे पश्चिमेला चौपाट्यांवर भेळ खाणारा मुंबईकर पूर्वेला समुद्र आहे हेच विसरून जातो. हार्बर लाइनच्या गाडीत खिडकी मिळाली तरी दिसतात ती गोदामं.

अलीकडे बंदराला शहराची आठवण होऊ लागली आहे. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकच्या एका जुन्या गोदामात कलावंतांना जागा मिळाली, आणि एरवी नाकाला रुमाल लावून कुलाब्यातून जाणारी माणसं रांगा लावून आत शिरली. भिंतींवर कोळी बायापुरुषांचे भलेमोठे काळेपांढरे चेहरे होते. चित्रं चांगली होती, काही तर फारच चांगली. पण माझं लक्ष राहून राहून बाहेर जाई. ज्यांचे चेहरे आत लावलेले, त्यांच्याच नात्यागोत्यातल्या बायका बाहेर बर्फाच्या चिखलात बसून कोलंबी सोलत होत्या. येणारे त्यांचे फोटो काढत, विचारून किंवा न विचारता. हे दालन आणि तो धक्का यांच्यात काही पावलांचं अंतर होतं, तरी एक भिंत होतीच. १८७५ पासून हा डॉक आहे; कापसासाठी बांधला आणि मासळीचा झाला. तिथली खरी कला पहाटे बघावी. होड्या लागतात, पाट्या हातोहात वर येतात, आणि बोली लागते ती इतक्या वेगानं की ऐकणाऱ्याला आकडाही कळू नये. या प्रयोगाला तिकीट नाही, उद्घाटन नाही.

उत्सव हवेतच. पण शहर आणि बंदर यांची भागीदारी म्हणायची तर ती सुखाइतकी दुःखाची असायला हवी, आणि तशी एक या भिंतीआड घडलेली आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. युद्धाच्या घाईत कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी भरला होता. दुपारी धूर दिसला. शहरातून बंब आले, जवान जहाजावर चढून पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं आणि अर्ध्या तासात पुन्हा एकदा. पेटत्या गाठी भिंत ओलांडून वस्त्यांवर पडल्या. सोन्याची एक वीट तर मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन आदळली. त्यांनी ती परत केली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि गोदीत व आसपास मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत होता. त्यात हमाल होते, खलाशी होते, आणि ज्यांची नोंदच कुठे नव्हती असेही. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह हा त्या दुपारचा आहे. शाळेत आगीच्या सूचना पाठ करणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

तीन वर्षांनी पुन्हा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेंहून अधिक माणसं घेऊन. अलिबागकडच्या घरांतून ती तारीख अजून सांगितली जाते. तरीही त्या धक्क्यावर माझा जीव आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या माणसानं तो बांधला आणि लोकांनी त्याला आपल्या भाऊचा करून टाकला. कोकणातला चाकरमानी बोटीनं आला तो इथेच उतरला. ट्रंक, फणस, आंब्याची पेटी आणि मुंबईत कुणाचा तरी पत्ता. इथे पास विचारत नाहीत. मोऱ्याची लाँच, रेवसची लाँच, मासळीचा लिलाव, मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो, सगळं एका गर्दीत चालतं. कुठल्याही सांस्कृतिक विभागाशिवाय बंदर आणि शहर इथे रोज भेटतात.

 

आता पूर्व किनाऱ्याचे आराखडे वर्षानुवर्षं निघताहेत. त्यात उद्यानं असतात, मरिना असतात, फिरायला लांबच लांब पदपथ असतात. दारूखाना भागात जहाजं तोडणारा, डॉकात कोलंबी सोलणारी, लाँचवर दोर फेकणारा पोरगा मात्र त्या रंगीत चित्रांत दिसत नाही. चित्रात कोळ्याची होडी शोभेला असते, ती ओढायला जागा नसते. माझं म्हणणं इतकंच: उद्या ही भिंत पाडायची असेल तर आधी या माणसांना आत बोलवा, नकाशा पसरा, आणि कुठलं दार कुठे ठेवायचं ते त्यांनाच विचारा.