झिजलेला टाक

"देव किती?" सुताराने विचारलं. देव्हाऱ्याचं माप घ्यायला आला होता तो.

नव्या फ्लॅटमध्ये ईशान्येचा कोपरा शोधला, तर तिथे नेमकी लिफ्ट निघाली. शेवटी स्वयंपाकघरात, पूर्वेच्या भिंतीला, मिक्सरशेजारी १८ इंच जागा मिळाली. आता देव मोजणं आलं. आईच्या लाल फडक्याची गाठ ओट्यावर सोडली.

रांगता बाळकृष्ण, गणपती, आईला लग्नात माहेराहून मिळालेली अन्नपूर्णा. नर्मदेतला बाण, गंडकीतला शाळिग्राम. शंख-घंटा. आणि तीन टाक. घोड्यावरचा खंडोबा ओळखू आला, भवानीही. तिसरा मात्र सपाट. चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेली आकृती पार पुसली गेलेली. कडेने मागचं तांबं डोकावत होतं.

आत्याला फोन लावला. "आत्या, हा कुणाचा गं?"

"आपल्यातलाच आहे. माझी आजी त्याला गंध लावायची. तिलाही ठाऊक नव्हतं."

सोनाराचं म्हणणं सरळ होतं : वितळवू, हीच चांदी घालून नवा करू, मग जेजुरीला नेऊन देव भेटवून आणा. झिजलेल्या टाकांचं घरोघर असंच करतात, त्यात वावगं काही नाही. पण नव्यावर रूप कुणाचं उठवायचं? मी टाक खिशात घालून परत आलो.

घरी पितळेच्या देवांना चिंच लावली, चांदीला रांगोळी. आजीची रीत. घासता घासता हात थबकला. या टाकाचे नाकडोळे कुणी नेले, ते तेव्हा कळलं. रोजचं स्नान, रोजचं पुसणं, सणावारी ही रांगोळी, अनामिकेचं गंध. हेळसांड झाली असती तर टाक काळा पडला असता, पण चेहरा राहिला असता.

शेजारी ताम्हनात शाळिग्राम होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रजीवाचा ठसा पोटात घेतलेला काळा गोटा. त्याला चेहरा कधी नव्हताच, आणि त्याची प्राणप्रतिष्ठाही करावी लागत नाही. नदीने घासला तेवढं पुरे. टाकाला माणसांनी रूप दिलं आणि माणसांच्याच बोटांनी ते हळूहळू काढून घेतलं. ताम्हनात आता दोघे भाऊभाऊ दिसत होते.

सुताराला सांगितलं, "आठ."

पहिल्या पूजेला एकेका देवाचं नाव घेत गंध लावत गेलो. त्या टाकापाशी नाव अडलं, बोट अडलं नाही. आता महिना झाला. खंडोबाच्या घोड्याच्या पायांत, भवानीच्या हातांमध्ये कालचं गंध कितीही धुतलं तरी थोडं उरतं. याच्यावर काहीच टिकत नाही. त्याला रोज पहिल्यापासून लावावं लागतं.